पेट्रोल कुठं गेलं?

मुंबईत थंडी पडते का, असं बाहेरगावचे लोक हसत विचारतात. त्यांना मी मुलुंडचं नाव सांगतो. पश्चिमेला डोंगर, त्या डोंगरामागे राष्ट्रीय उद्यानाचं जंगल. जानेवारीत पहाटे स्टेशनवर उतरलं की शर्टाचं वरचं बटण आपोआप लावलं जातं. जंगलाच्या पलीकडच्या बोरिवलीतही तीच तऱ्हा. कुलाब्याला समुद्र ऊब धरून ठेवतो, उपनगरांना ती मिळत नाही. सांताक्रूझच्या वेधशाळेत २२ जानेवारी १९६२ रोजी पारा ७.४ अंशांवर उतरला होता. मुंबईच्या थंडीचा तो विक्रम आजही मोडलेला नाही.

त्या थंडीची आठवण माझे अब्बा सांगायचे. चिपळूणकडच्या खेड्यातून मुंबईला येऊन त्यांना तेव्हा तीन-चार वर्षं झाली होती. ट्रकवर क्लीनर होते. त्या पहाटे ट्रक काही केल्या सुरू होईना, तेव्हा ड्रायव्हरनं त्यांना चहावाल्याकडून बादलीभर गरम पाणी आणायला पाठवलं आणि ते रेडिएटरमध्ये ओतलं. अब्बा म्हणायचे, "त्या दिवशी मला कळलं, इंजिनालाही सकाळी गरम काहीतरी लागतं."

पुढं अब्बा ड्रायव्हर झाले. मुलुंडच्या एका डॉक्टरांकडे त्यांनी वर्षानुवर्षं फियाट चालवली. आम्ही घाटकोपरला चिरागनगरात राहायचो. अब्बा पहाटेच्या लोकलनं मुलुंडला जायचे, गाडीवरचं दव पुसायचे आणि साडेसहाला डॉक्टरांच्या मुलाला शाळेत सोडायचे. मंडळी, आज मी जी गोष्ट सांगणार आहे, ती या गाडीची आहे आणि तिच्या टाकीतून नाहीशा झालेल्या पेट्रोलची आहे.

गोष्ट १९८४ च्या जानेवारीतली. मी तेव्हा चौदा वर्षांचा होतो. डॉक्टरसाहेब हिशेबाचे पक्के. गाडीच्या कप्प्यात एक डायरी असायची. टाकी भरली की किलोमीटर आणि लिटर लिहायचे, महिनाअखेर भागाकार करायचा. गाडी लिटरला अकरा किलोमीटर द्यायची. डिसेंबरात आकडा दहाच्या खाली आला. जानेवारीत नऊ. गाडी महिन्याला सहाशे किलोमीटर चालायची, म्हणजे बारा लिटर पेट्रोल जास्त लागलं. डॉक्टरांनी डायरी मिटली आणि विचारलं, "भाई, पेट्रोल कुठं जातं?"

त्या प्रश्नाचा अर्थ त्या काळच्या कुठल्याही ड्रायव्हरला समजत होता. टाकीत रबरी नळी सोडायची, तोंडानं ओढायची आणि डबा भरायचा. असे प्रकार व्हायचे, त्यामुळं संशय सगळ्यांवर असायचा. अब्बा त्या रात्री जेवले नाहीत. अम्मानं विचारलं तेव्हा एवढंच म्हणाले, "पंचवीस वर्षं झाली मुंबईत. आज पहिल्यांदा कोणी चोर म्हटलं. तोंडानं म्हटलं नाही, पण म्हटलं."

आता हे पेट्रोल खरोखर कुठं गेलं, ते समजून घ्यायचं तर आपल्याला जरा मागं जावं लागेल.

पेट्रोल इंजिनात पातळ पेट्रोल जळत नाही. जळते ती त्याची वाफ, हवेत मिसळलेली. साधारण पावणेपंधरा भाग हवा आणि एक भाग पेट्रोल, हे त्याचं ठरलेलं प्रमाण. हे मिश्रण करायचं काम कार्बोरेटरचं. पेट्रोलचा बारीक फवारा उडवणारा कार्बोरेटर जर्मनीत विल्हेल्म मायबाख यांनी १८९३ साली तयार केला आणि तीच कल्पना पुढं शंभर वर्षं चालली. अडचण थंडीची. थंड लोखंडाला लागलं की पेट्रोल उडत नाही, थेंब होऊन नळीच्या भिंतींना चिकटून बसतं. शंभर थेंब आत सोडले, तर ठिणगीपर्यंत वाफ होऊन पोहोचणारे थोडेच. उरलेले अर्धवट जळतात नाहीतर धुरातून बाहेर पडतात.

यावर उपाय निघाला तो चोक. बहुतेक कार्बोरेटरमध्ये चोक म्हणजे हवेच्या वाटेवरची एक पत्र्याची झडप. डॅशबोर्डवरचा खटका ओढला की झडप मिटते, हवा कमी होते आणि पेट्रोल जास्त ओढलं जातं. इंजिन सुरू होतं. पण त्या वेळी ते ठरल्या प्रमाणाच्या कितीतरी पट जास्त पेट्रोल पीत असतं. इंजिन तापलं की खटका आत ढकलायचा. कधी ढकलायचा, हे ड्रायव्हरच्या कानावर. लवकर ढकलला तर गाडी बंद पडते, उशिरा ढकलला तर टाकी रिकामी होते.

अशी गाडी कुर्ल्याला कशी आली, तीही एक कथा आहे. सोलापुरात जन्मलेले वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी काढली. कुर्ल्याच्या कारखान्यात आधी अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीच्या गाड्यांची जुळणी झाली. मग इटलीच्या फियाटशी करार झाला आणि १९५४ पासून फियाट ११०० कुर्ल्यातून बाहेर पडू लागली. दहा वर्षांनी, १९६४ साली, तिची नवी आवृत्ती आली. तीच आपली चौकोनी, ओळखीची फियाट. १,०८९ सीसीचं इंजिन, चार सिलिंडर, गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला. १९७४ साली तिचं नाव प्रीमियर पद्मिनी झालं, पण मुंबईनं तिला शेवटपर्यंत फियाटच म्हटलं. काळी-पिवळी टॅक्सी म्हणजे तीच.

फियाट कंपनी १८९९ साली तुरिन शहरात निघाली. तुरिन आल्प्सच्या पायथ्याशी आहे. तिथं जानेवारीत पारा शून्याजवळ असतो, बर्फ पडतो. त्या शहरासाठी घडवलेली गाडी आपण आग्रा रोडवर, म्हणजे आजच्या लालबहादूर शास्त्री मार्गावर, बनवू लागलो. कुर्ला, घाटकोपर, विक्रोळी, भांडुप, मुलुंड असा तो रस्ता. अब्बांच्या हातातली गाडी ज्या रस्त्यावर जन्मली, त्याच रस्त्यावर चालत होती. चोकचा खटका मात्र तुरिनच्या हिवाळ्याचा होता. मुंबईच्या ड्रायव्हरला तो वर्षातले दहा महिने फारसा लागत नसे. उरलेल्या दोन महिन्यांत त्यानं काय काय होतं, ते मालकाला ठाऊक नसायचं. मालक गाडीत बसायचा, तोवर इंजिन तापलेलं असायचं.

मग एवढ्या बारकाईनं डायरी लिहायची वेळ का आली? तर तेलामुळं. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब-इस्रायल युद्ध पेटलं आणि अरब देशांनी तेलाची नाकेबंदी केली. बॅरलला तीन डॉलरच्या आसपास मिळणारं खनिज तेल काही महिन्यांत बारा डॉलरच्या घरात गेलं. १९७९ साली इराणात क्रांती झाली आणि भाव पुन्हा भडकले. तसं म्हटलं तर आमच्या उपनगरांच्या एका बाजूला चेंबूर-माहुलच्या रिफायनऱ्यांच्या चिमण्या होत्या आणि दुसऱ्या बाजूला समुद्रात, किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटरवर, १९७४ साली बॉम्बे हायचं तेल सापडलं होतं. पण पंपावरचा भाव काही खाली आला नाही. १९७८ साली पेट्रोलियम कन्झर्वेशन रिसर्च असोसिएशन ही सरकारी संस्था निघाली. इंधन वाचवा, टायरची हवा बघा, सिग्नलला इंजिन बंद करा, हे धडे तिनं घरोघर पोहोचवले. पेट्रोलचा प्रत्येक लिटर मोजला जाऊ लागला. मोजायला सुरुवात झाली की तूट दिसते, आणि तूट दिसली की तिला एक माणूस लागतो. आमच्या बाबतीत तो माणूस अब्बा होते.

अब्बा भांडुपच्या एका मिस्त्रीकडे गेले. मीही बरोबर होतो, रविवार होता. मिस्त्रींनी आधी प्रीमियरच्या कारखान्यात काम केलं होतं. मग स्वतःचं छोटं गॅरेज टाकलं. त्यांनी काही न बोलता चारही प्लग काढले आणि फडक्यावर ओळीत मांडले. प्लगांची टोकं काळीकुट्ट झाली होती, काजळी बोटाला लागत होती. मिस्त्री म्हणाले, "हे बघा तुमचं पेट्रोल. चोरलं नाय कुणी. गाडीनंच खाल्लं, पण पचलं नाय तिला."

मग त्यांनी गाडीच्या फेऱ्या विचारल्या. सकाळी शाळा, दीड किलोमीटर. परत घर. साडेआठला हॉस्पिटल, दोन किलोमीटर. दुपारी घर. संध्याकाळी दवाखाना. रात्री परत. मधल्या प्रत्येक वेळी गाडी तासन् तास उभी, इंजिन थंड. आणि थंडीत आणखी एक गोष्ट होती. साहेब खाली उतरण्याआधी गाडी दहा मिनिटं सुरू करून, गरम करून ठेवायची, हा खुद्द साहेबांचा हुकूम होता. दहा मिनिटं चोक ओढलेला, चाक हललेलं नाही. त्या दहा मिनिटांचं ॲव्हरेज किती? शून्य.

मिस्त्रींनी कोपऱ्यातला ऑइलचा डबा उचलून दाखवला. त्यावर लिहिलं होतं २०डब्ल्यू-४०. "यातला डब्ल्यू म्हणजे विंटर. हिवाळा. कंपनीवाल्याला म्हायती हाय, तुमच्या साहेबाला नाय." ऑइल थंड असलं की काकवीसारखं घट्ट होतं. पिस्टन, बेअरिंगं, सगळ्यांना त्यातून हलायला जास्त जोर लागतो. गिअरबॉक्समधल्या ऑइलचंही तेच. शेवटी मिस्त्रींनी टायरची हवा बघितली. ती कमी होती. थंडीत हवा आकसते. पारा पाच-साडेपाच अंशांनी उतरला की टायरचा दाब एका पौंडानं कमी होतो. ऑक्टोबरच्या उकाड्यात भरलेली हवा जानेवारीच्या पहाटे दोन पौंड कमी भरते, आणि टायर मऊ झाला की गाडी जड चालते.

हे सगळं मी नंतर वाचून ताडून पाहिलं. मिस्त्रींचं एकही वाक्य चूक निघालं नाही. एकच गोष्ट ते बोलले नव्हते. थंड हवा दाट असते. तीस अंशांच्या हवेपेक्षा पंधरा अंशांची हवा सुमारे पाच टक्के दाट. गाडीला ती कापत जावं लागतं. पण मुलुंडच्या गल्ल्यांतल्या वेगाला त्यानं फारसा फरक पडत नाही, हायवेवर पडतो. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचे आकडे उपलब्ध आहेत. उणे सात अंशांच्या थंडीत पेट्रोल गाडीचं शहरातलं ॲव्हरेज पंचवीस अंशांच्या मानानं सुमारे पंधरा टक्क्यांनी घटतं. फेरी पाच-सहा किलोमीटरचीच असेल, तर घट चोवीस टक्क्यांपर्यंत जाते. थंडी तेवढीच, फरक फक्त फेरीच्या लांबीचा. मुंबईची थंडी त्या मानानं काहीच नाही. पण आमच्या गाडीच्या फेऱ्या दोन किलोमीटरच्या होत्या, त्यात हातानं ओढायचा चोक आणि दहा मिनिटं उभ्यानं इंजिन चालू. साऱ्याची बेरीज डायरीत उतरली होती.

सोमवारी अब्बांनी चारपैकी एक जुना प्लग वर्तमानपत्रात गुंडाळून डॉक्टरांच्या टेबलावर ठेवला. मिस्त्रींनी सांगितलेलं सगळं सांगितलं. डॉक्टरांनी प्लग उलटसुलट करून पाहिला. त्यांचा विश्वास बसला नाही, पण माणूस शिकलेला होता. ते म्हणाले, "शनिवारी नाशिकला जायचंय लग्नाला. तेव्हा बघू."

शनिवारी पहाटे पाचला मुलुंडच्या पंपावर टाकी काठोकाठ भरली. साहेब स्वतः मीटरजवळ उभे राहिले. त्या दिवसांत नाशिकची थंडी मुलुंडहून कडक होती. अब्बांनी चोक ओढून गाडी सुरू केली, अर्ध्या मिनिटानं निघाले, ठाणं येण्याआधीच खटका आत ढकलला. मग कसारा घाट, नाशिक, रात्रीचा मुक्काम, दुसऱ्या दिवशी परत. त्याच पंपावर पुन्हा टाकी भरली. तीनशे दहा किलोमीटर, चोवीस लिटर. लिटरला जवळपास तेरा. त्याच महिन्यात, त्याच थंडीत, त्याच ड्रायव्हरच्या हाती. घाट चढूनसुद्धा.

डॉक्टरांनी माफी मागितली नाही. तशी रीत नव्हती. घरी पोहोचल्यावर त्यांनी कप्प्यातली डायरी काढून अब्बांच्या हातात दिली आणि म्हणाले, "भाई, यापुढं हिशेब तुम्हीच लिहीत जा." सकाळी गाडी गरम करून ठेवायचा हुकूमही त्या दिवसापासून बंद झाला. फेब्रुवारीत आकडा साडेदहावर आला.

ही गोष्ट मी माझ्या मुलाला सांगितली, तेव्हा त्यानं विचारलं, "चोक म्हणजे काय?" त्याचंही बरोबर आहे. २००१ साली मुंबईत भारत स्टेज-२ ची प्रदूषण मानकं लागू झाली, त्याच्या आगेमागे नव्या गाड्यांमधून कार्बोरेटर गेला आणि फ्युएल इंजेक्शन आलं. पद्मिनी बनवणं त्याच सुमारास थांबलं. कुर्ल्यात कारखान्याच्या जागेवर आता कोहिनूर सिटीच्या इमारती आहेत, प्रीमियर हे नाव फक्त रस्त्याला उरलं आहे. ऑक्टोबर २०२३ अखेर शेवटची पद्मिनी टॅक्सीही मुंबईच्या रस्त्यावरून निवृत्त झाली.

चोक गेला, पण त्याचं काम गेलेलं नाही. आता इंजिनाच्या पाण्याचं तापमान एक सेन्सर मोजतो आणि थंडीत जादा पेट्रोल द्यायचा निर्णय गाडीतला कॉम्प्युटर घेतो. अगदी मोजून देतो, त्यामुळं तूट कमी झाली, संपली मात्र नाही. सीएनजीच्या कित्येक गाड्या आजही सकाळी पेट्रोलवर सुरू होतात आणि इंजिन तापल्यावर गॅसवर जातात. विजेच्या गाड्यांनाही थंडी चुकलेली नाही. अमेरिकेत २०१९ साली केलेल्या एका चाचणीत, उणे सात अंशांत हीटर लावून चालवल्यावर विजेच्या गाड्यांचा पल्ला सरासरी ४१ टक्क्यांनी कमी भरला. मुंबईकरांना ही चिंता नाही. इथं एसी लावणाऱ्यांना उलट मे महिन्यात पेट्रोल जास्त लागतं, आणि जानेवारीत एसी बंद असल्यानं काहींचं ॲव्हरेज सुधारतंही. नाशिक, पुणे, महाबळेश्वरकडच्या मंडळींनी मात्र लक्षात ठेवावं. गाडी सुरू केल्यावर उभी ठेवून गरम करू नका, अर्ध्या मिनिटानं हळूहळू निघा. टायरची हवा थंडीच्या सकाळी, गाडी चालवण्याआधी बघा. दोन कामं असतील तर एकाच फेरीत उरका, म्हणजे तापलेलं इंजिन वाया जात नाही.

आणि घरी ड्रायव्हर असेल, महिनाअखेर डायरीत तूट दिसली, तर त्याला विचारण्याआधी गाडीच्या फेऱ्या मोजा.

अब्बा २००९ मध्ये गेले. त्यांच्या ट्रंकेत परवान्याच्या जुन्या पुस्तकाबरोबर त्या डायऱ्या निघाल्या. १९८४ पासून पुढच्या सगळ्या. अब्बा चौथीपर्यंत शिकलेले, पण आकडे रेखीव. तारीख, किलोमीटर, लिटर आणि शेवटी शेऱ्यासाठी त्यांनी स्वतः आखलेला एक रकाना. तो रकाना बहुतेक कोरा आहे. फक्त दर वर्षी जानेवारीच्या पानावर, कमी झालेल्या आकड्यासमोर, एकच शब्द लिहिलेला आहे: थंडी.